तिसऱ्या कडव्यातल्या बांगड्या

निकेशने पंखा बंद केला, खिडकीची काच ओढून घेतली आणि गाणं पुन्हा तिसऱ्या कडव्याशी आणून सोडलं. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, डोळे मिटले. आईचा आवाज आला, भरदार, अगदी जवळून आल्यासारखा. मागोमाग तिच्या जोडीने गाणाऱ्या शांतीमावशीचा आला, थोडा नाकातला. सूप जमिनीला टेकल्याचा बोदा आवाजही आला. त्याला हवं होतं ते मात्र आलं नाही.

समोर टेबलावर ते यंत्र होतं. काड्यापेटीहून जरा मोठी, काळ्या ॲल्युमिनियमची डबी, एका टोकाला आवाज कमीजास्त करायचं गोल बटण. फोन आणि हेडफोन यांच्या मधे जोडायचा हा खिशातला ॲम्प्लिफायर विनिता नावाच्या एका मुलीने बनवला होता. चांगली नोकरी सोडून खारघरच्या भाड्याच्या खोलीत ती दोन वर्षं याच्यामागे लागली होती. विक्रीला काढण्याआधी तिने पहिला तयार नग निकेशकडे दिला होता.

निकेश बंदरातून माल पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. पण गाणं मन लावून ऐकणाऱ्या लोकांत त्याचं नाव होतं ते वेगळ्या कारणाने. हेडफोन, ॲम्प्लिफायर असं काही नवं आलं की ते महिनाभर ऐकून त्यावर तो एका संकेतस्थळावर मराठीतून लिहायचा. आकडे द्यायचा नाही. तबल्याची शाई कुठे संपते, गाणारा माइकपासून किती लांब बसलाय, असं लिहायचा. विकत घेण्याआधी लोक त्याच्या लेखासाठी थांबत.

प्रत्येक यंत्रावर तो शेवटी हेच गाणं लावायचा. आगऱ्यांच्या लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. त्याची आई चंद्रावती ही चिरनेरची धवलारीण. चुलतबहिणीच्या हळदीला, मित्राकडून चांगला रेकॉर्डर आणून, त्याने स्वतः हे गाणं टिपलं होतं. तेव्हा वडील होते. तिसऱ्या कडव्यात आई सूप उचलायची आणि तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. चांगल्या यंत्रावर त्या एकेक वेगळ्या ऐकू यायच्या. सामान्य यंत्रावर सगळ्यांचा मिळून नुसता एक किणकिणाट. या यंत्रावर तेवढंही नव्हतं.

त्याने लिहून ठेवलं: 'मधले सूर उत्तम. खालचे धरून ठेवलेले, पसरत नाहीत. वरचा भाग मात्र बंद दारामागचा.'

विनिता संध्याकाळी येणार होती. लेख छापण्याआधी माणसाला समोर बसवून सांगायचं, हा निकेशचा रिवाज होता.

विनिता आली तेव्हा निकेशच्या बायकोने, मनिषाने, चहा ठेवला आणि मग शाळेच्या वह्या तपासायला ती आत गेली. विनिता तिशीची असेल. उरणकडच्या कोळ्यांची मुलगी. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि तिने कप हातात नुसता धरून ठेवला.

"चांगलं झालंय," निकेश म्हणाला. "मेहनत दिसते. पण वरचे सूर नाहीत."

"कमी आहेत?"

"नाहीतच म्हणा. मी पुन्हा पुन्हा ऐकलं."

विनिताने कप खाली ठेवला. "मोजमापात तसं येत नाही, सर."

"मोजमापावर मी जात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हो." तिने टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. "लेख तसाच येईल का?"

"मला जे ऐकू येतं तेच मला लिहायला लागतं."

तिने मान हलवली. वाद घातला नाही. मग म्हणाली, "तुम्ही कुठलं गाणं लावता ते मला एकदा ऐकवाल? म्हणजे दुरुस्त काय करायचं ते कळेल."

निकेशने हेडफोन तिला दिला आणि गाणं सुरुवातीपासून लावलं. ती जमिनीकडे बघत ऐकत होती. त्यालाही बाहेर गळणारा आवाज अस्पष्ट येत होता, त्यावरून गाणं कुठवर आलंय ते तो मनात धरत होता. तिसरं कडवं सुरू झालं असेल तेव्हा विनिताने चेहरा वर केला.

"बांगड्या कुणाच्या आहेत या?" तिने विचारलं. हेडफोनमुळे तिचा आवाज जरा मोठा आला.

निकेश खुर्चीत पुढे सरकला.

"दोन पातळ आहेत आणि एक जाड. जाड बांगडी तडकलेली आहे का, सर? तिचा आवाज..."

ती थांबली. निकेशच्या चेहऱ्याकडे बघत तिने हेडफोन हळूच काढला आणि मांडीवर ठेवला.

"आईच्या आहेत," तो म्हणाला. "वडील होते तेव्हाच्या."

"छान टिपलंय तुम्ही."

दोष यंत्रात नाही, हे तिला कळलं होतं. तिच्या दोन वर्षांच्या कामाचं भलंबुरं एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य ती बोलू शकत होती. पण ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"यंत्र राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा लिहा. घाई नाही माझी."

ती गेल्यावर निकेशने कपाटातलं स्वतःचं जुनं यंत्र काढलं. हे गाणं त्याला इतकं पाठ होतं की जुन्या यंत्रावर ते लावून बघायची गरज त्याला बरेच दिवस वाटली नव्हती. त्यावरही बांगड्या नव्हत्या. त्याने दुसरा हेडफोन लावून पाहिला. मग फोनला थेट जोडून पाहिला. आई गात होती, मावशी गात होती, सूप टेकत होतं.

"मनिषा," त्याने हाक मारली. "जरा इकडे येतेस?"

मनिषा हातातलं लाल पेन घेऊनच आली. या खोलीत ती सहसा यायची नाही. त्याचं ऐकणं चाललेलं असताना दार बंद असायचं, आणि दार बंद असलं की बोलायचं नाही हे घरात ठरून गेलं होतं. त्याने तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला.

"बांगड्या ऐकू आल्या की सांग."

थोड्या वेळाने तिने बोट वर केलं. ते खाली घेतलं. पुन्हा वर केलं. निकेश त्या बोटाकडे बघत राहिला.

तिने हेडफोन काढला तेव्हा तो खिडकीशी उभा होता. बांगड्या आपल्याला ऐकू येत नाहीत, हे त्याने तिला सांगितलं. सांगायला दोन वाक्यंही लागली नाहीत.

मनिषाने हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "फ्रीजचं दार उघडं राहिलं की बीप वाजतं. माहितीये तुला?"

"वाजतं?"

"गेलं वर्षभर तू शेजारी उभा असतोस आणि मीच आतून येऊन लावते. मायक्रोवेव्हचंही तेच. अंधारात पाठ करून काही सांगितलं तर तू उत्तर देत नाहीस." पेनाचं टोपण तिने काढलं, पुन्हा लावलं. "मला वाटायचं, तुला माझं ऐकायचंच नाहीये."

"तू बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? जो माणूस तबल्याची शाई ऐकतो त्याला?"

ती रागावली नव्हती. त्यालाही रागावता आलं नाही.

पनवेलातल्या एका दवाखान्यात त्याने कान तपासून घेतले. काचेच्या पेटीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं होतं. सुरुवातीला तो पटापट दाबत गेला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्याला वाटलं, तपासणी संपली असावी. त्याने काचेतून बाहेर पाहिलं, तर तपासणारी बाई अजून यंत्रावर काम करत होती आणि तिची नजर त्याच्या बोटावर होती.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि तिथून खाली उतरली होती.

"घरात कुणाला त्रास?"

"आईला. पण तिचं वय झालंय."

"मोठ्या आवाजात हेडफोन वापरता?"

"मोठ्या नाही. पण रोज."

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ते सांभाळायचं. यंत्र लावलंत तर बोलणं सोपं जाईल."

यंत्र. दोन वर्षांपूर्वी त्याने आईला श्रवणयंत्र आणून दिलं होतं. उत्तमातलं, स्वतः चौकशी करून. तिने ते आठवडाभर लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यावरून तो तिला बोलला होता. घरातल्या सगळ्यांसमोर, आणि ऐकू यावं म्हणून मोठ्याने.

पुढच्या रविवारी तो चिरनेरला गेला. भाऊ जगन बाहेर गेला होता. आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या हातात आता बांगड्या नव्हत्या. तो तिच्यासमोर, तिला त्याचे ओठ दिसतील असा बसला.

"एकलाच आलास?" आईने विचारलं. "मनिषा नाय आली?"

"तिला काम होतं." मग त्याने आपल्या दोन्ही कानांना बोटं लावली. "आये, माझेपण कान गेले. सगळे नाय. वरचे आवाज गेले."

तिने शेंग सोलायची थांबवली नाही. दाणे ताटात पडले, साल बाजूला पडली.

"डाक्तरला दावलास?"

"दाखवलं. परत येणार नाय म्हणाले."

"मंग गानी कशी ऐकशील?"

हा प्रश्न त्याला मनिषाने विचारला नव्हता, डॉक्टरांनीही नाही. तो ताटातले दाणे एका बाजूला सारत राहिला. मग त्याने विचारलं, "तू कशी गातेस? तुला तर काहीच ऐकू येत नाय. अजून लग्नाला बोलावतात ना?"

आईने दारातून आत पाहिलं. सून मागच्या अंगणात होती. तरी तिने आवाज खाली आणला.

"शांती हात धरतं माजा," ती म्हणाली. "पदराखाली. तिनी दाबला का मी गाना उचलतंय. सूर चढला का ती बोट वर सरकवतं. मना माजा आवाज येत नाय, पन गल्यात समजतं. तिचा हात सांगतं का बराबर हाय."

"कधीपासून?"

"तुजा बापूस गेला तवापासना. कोनाला समजला नाय."

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात निकेशने आईचा धवला ऐकला होता. सूर जागचा हलला नव्हता. घरी परतताना तो मनिषाला म्हणालाही होता की आईचं ऐकणं गेलं, पण गाणं शाबूत राहिलं, नवल आहे.

"आणि मी आणलेलं यंत्र?"

"त्यान समदे आवाज येतान. भांडी, गाड्या, पोरा. पन माजा आवाज त्यान माजा वाटत नाय." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू रागवलास म्हून काय बोलली नाय."

त्याने खाली पाहिलं. मग विचारलं, "शांतीमावशीला सांगायला लाज नाय वाटली? तू पुढे गाणारी."

आईला ते नीट समजलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, ओठ उघडून.

"कसली लाज?" ती म्हणाली. "गाना दोघींचा हाय."

मग तिने ताट त्याच्याकडे सरकवलं आणि दोघं शेंगा सोलत बसली.

पनवेलला परतल्यावर निकेशने संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसाला फोन केला. गेल्या वर्षभरात ज्या लेखांत त्याने एखाद्या यंत्राचे वरचे सूर दबलेले म्हटले होते, ते काढून टाकायला सांगितले. कारण विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं त्याला वाटलं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता तू लिहिणार नाहीस?" त्या माणसाने विचारलं.

"हा एक लिहितो. पुढचं बघू."

त्याने विनिताला निरोप पाठवला: लेख थोडा उशिरा येईल, आणि त्यावर दोन नावं असतील. तिचं उत्तर लगेच आलं. चालेल, सर. बाकी काही नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी, वह्यांचा गठ्ठा संपल्यावर, मनिषा त्या खोलीत येऊन बसली. दार उघडंच होतं. निकेशने नवं यंत्र जोडलं आणि समोर स्टूल ओढून कागद घेतला. पहिलं वाक्य त्याने आधीच लिहून ठेवलं होतं: 'या यंत्रात जे वरचे सूर आहेत ते मला ऐकू येत नाहीत, ते माझ्या बायकोने ऐकले आहेत.'

"मला तुझ्यासारखं सांगता येणार नाही," मनिषा म्हणाली.

"तुला येईल तसं सांग."

तिने हेडफोन लावला. थोडा वेळ ती अवघडून बसली होती. मग खुर्चीला टेकली.

"कुणीतरी लांबून पोराला हाक मारतंय," ती म्हणाली. "कोंबडी आहे. एक बाई हसायला लागली आणि मधेच थांबली. तिला कुणी गप्प केलं वाटतं."

निकेश लिहीत गेला. हे त्याने कधी लिहिलं नव्हतं. हसणारी बाई त्याला आजवर एकदाही ऐकू आली नव्हती. कान धड होते तेव्हाही नाही, कारण तो नेहमी दुसरंच ऐकायला बसलेला असायचा.

"पुढे?" त्याने विचारलं.

मनिषाने तळहात वर करून त्याला थांबवलं. तिचे डोळे मिटलेले होते. निकेशने पेन कागदावर ठेवलं आणि काहीच न विचारता तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. गाणं अजून चालू आहे, हे तेवढ्यावरून कळत होतं.