शोधा आणि बदला

"नाना, हे 'आहेतकरी' कोण?" सविताने विचारलं.

तिच्या हातात तिचाच प्रबंध होता. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. शेजारच्या छगन बाइंडरने चारही प्रती नुकत्याच माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या कामात एखादा खडा लागतोच. तिने पान उलटलं. मग 'आहेण' म्हणजे काय, 'आहेंगा' म्हणजे काय, तेही विचारलं. प्रत माझ्यापुढे सरकवून ती स्टुलावर बसली. मला वाचावं लागलं नाही. काय झालंय ते त्या तीन शब्दांवरूनच कळलं होतं.

माझं नाव प्रेमराज, सगळे नाना म्हणतात. जळगावात बसस्टँडच्या मागे माझं टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी इन्स्टिट्यूट होती, पोरं सरकारी परीक्षेसाठी मशीन बडवायला यायची. मशीनं भंगारात गेली, संगणक आले, आणि आता मी प्रबंध टाइप करतो. साठाच्या वर माणसं माझ्या टेबलावरून उठून डॉक्टर झाली. मी स्वतः बारावी, तीही दुसऱ्या खेपेला.

मला एक खोड आहे. टाइप करता करता मी दुरुस्त करतो. कुणी सांगितलेलं नसतं. भाषेत डॉक्टर होऊ घातलेला माणूस 'आणि'ची वेलांटी चुकवतो, मग माझा हात थांबत नाही. द्रौपदाबाई, म्हणजे माझी बायको, याला फुकटचा शहाणपणा म्हणते. मी त्याला सेवा म्हणत आलो.

आणि 'शे'शी, म्हणजे आमच्या खान्देशीतल्या 'आहे'शी, तर माझं जुनं वैर. तिसरीत गुरुजींनी नदीबद्दल काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, नदी मोठी शे. हातावर छडी बसली आणि पाटीवर पन्नास वेळा 'आहे' लिहावं लागलं. घरी आई, आबा, शेजारपाजार, बठ्ठा गाव 'शे' म्हणणारा. पण माझ्या तोंडून तो शब्द त्या दिवशी गेला तो गेलाच. लग्न झाल्यापासून बायकोला टोकतो आहे. पस्तीस वर्षं झाली, तिच्यावर परिणाम शून्य.

सविता मूळची भडगावकडची, दिली धुळ्याला. धुळ्यात दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर तास, सुट्टी लागली तर काही नाही. पीएच.डी.ला नाव घालून अकरा वर्षं झाली होती. पहिले गाइड रिटायर झाले. मग दीड वर्ष तिला कुणी घेईना, कुणाकडे जागा नव्हती, कुणाला विषय झेपत नव्हता. मधल्या काळात पोरगा झाला. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल टाइप करायला ती धुळ्याची एसटी पकडून यायची, याच स्टुलावर बसायची, चहा प्यायची आणि प्रगती काय लिहायची ते बराच वेळ ठरवत राहायची. एकदा चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं की तिने मजकूर चोरलाय. कुणाचा, तर तिच्याच जुन्या लेखाचा. ते निस्तरण्यात चार महिने गेले. दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळत नाही. आज संध्याकाळी पाचला विद्यापीठाची खिडकी बंद झाली की नोंदणी रद्द, आणि अकरा वर्षं पाण्यात.

तिचा विषय गिरणाकाठच्या बायकांची बोली. तेवीस बायकांच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या आणि परिशिष्टात जशाच्या तशा दिल्या होत्या. जशाच्या तशा म्हणजे काय, ते मला समजलं नव्हतं. काल ती एसटीला गेल्यावर मी शेवटची नजर टाकत होतो. परिशिष्टात ओळीओळीला शे. मला वाटलं, एवढी शिकलेली पोरगी, परीक्षक हसतील हिला. संगणकात 'शोधा आणि बदला' अशी सोय असते. शोधायचं ते शे, बदलायचं ते आहे. एक कळ दाबली. मग फाइल तिच्या पेनड्राइव्हवरही चढवली, जुनीच्या जागी. छपाई उरकून छगनकडे दिली आणि बरं वाटलं मनाला.

अक्कल अशी की 'शे' दुसऱ्या शब्दांच्या पोटातही असतो, हे ध्यानात आलं नाही. शेतकऱ्याचा आहेतकरी झाला, शेणाचं आहेण, शेंगांचं आहेंगा, आणि विशेषचं जे झालं ते उच्चारताही येत नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मी काय केलं ते सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाना, माझा विषयच 'शे' होता," ती म्हणाली. "नवे गाइड म्हणत होते, सगळं प्रमाण मराठीत करा. दोन वर्षं भांडले मी त्यांच्याशी. शेवटी ऐकलं त्यांनी. आणि तुम्ही..."

मग तिने परिशिष्टातलं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. यशोदाबाई नावाच्या म्हातारीची मुलाखत होती. त्यात छापलं होतं, 'मी कोन आहे हाई माले आजलगून कोनी इचारं नही. तू पहिली आहे.' ना धड खान्देशी, ना धड मराठी. यशोदाबाई चैत्रात गेल्या, असं तिने सांगितलं. रेकॉर्ड केलेला आवाज फोनमध्ये होता आणि तो फोन पोराने बादलीत टाकला. हाताने लिहिलेल्या वह्या धुळ्याला. जाऊन यायचं तर पाच तास. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

मला लाज वाटली. साठ प्रबंधांत जेवढी कमावली होती तेवढी इभ्रत त्या एका ओळीत गेली.

मी उलटं करून पाहिलं. आहे शोधा, शे करा. शेतकरी माणसात आले, शेण जागेवर आलं. पण आता सगळीकडेच शे झाला. सविताने स्वतः लिहिलेलं विवेचन चांगल्या ग्रांथिक मराठीत होतं, त्यातही 'या प्रकरणात चर्चा केली शे'. मग मी पहिलं ते पाचवं प्रकरण निवडून तिथले सुटे शे पुन्हा आहे केले. तरी मध्ये मध्ये बायकांची वाक्यं होती, त्यांत शे हवा होता. 'शेत' असेल तिथे ते पिकाचं शेत की 'आहेत'चं झालेलं शेत, हे यंत्राला कळेना. आणि परिशिष्टात प्रश्न सविताचे, उत्तरं बायकांची, एकाच्या शेजारी एक. तिथे कान लागतो. माझा कान तिसरीतच बंद झाला होता.

घर दुकानाच्या वरच आहे. मी जिन्यातून द्रौपदाबाईला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी खाली आली, सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि माझ्या बाजूच्या खुर्चीत बसली. माहेर शिंदखेड्याकडचं, शिक्षण सातवी.

"पस्तीस वरीस मना शे काढत व्हतात," ती म्हणाली. "आते बठ्ठा परत लावा."

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. ती पडद्यावरचं मोठ्याने वाचायची, बोट ठेवून, बाळबोध लयीत. विवेचन असलं की अडखळायची, मराठीच्या तासाला उभी केल्यासारखी. बाईचं वाक्य आलं की सरळ सुटायची. जिथे जीभ अडेल तिथे थांबून सांगायची, आठे, म्हणजे इथे, शे पाहिजे, आठे तुमनं आहे. मी मुकाट्याने टाइप करायचो. सविता दुसऱ्या बाजूला बसून छापील पानांवर खुणा करत होती. तासाभराने मधूनच एखादा शब्द द्रौपदाबाईला विचारू लागली, आणि अर्थ कळला की समासात टिपू लागली. अशा वेळेला कोण टिपणं घेतं, पण ती घेत होती.

साडेबाराला तिच्या कॉलेजातून फोन आला. उद्या सकाळी साडेसातचा तास घेणार की दुसऱ्याला देऊ, असं विचारत होते. घेते म्हणाली.

परिशिष्टाला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. यशोदाबाईंचं पान आलं. द्रौपदाबाईने आधी मनात वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं.

"मी कोन शे हाई माले आजलगून कोनी इचारं नही. तू पहिली शे."

सविताने टेबलावर डोकं टेकलं. असंच बोलायच्या, एवढंच म्हणाली. द्रौपदाबाई पुढच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली की बसू नका, वेळ जास. मी ती ओळ दोनदा तपासली. माझ्या बाजूला बसलेल्या बाईला मी तरी कधी काय विचारलं होतं, हेही त्या वेळी मनात आलं. ते कामाचं नव्हतं म्हणून बाजूला ठेवलं.

पावणेतीनला छपाईला लावलं. छगनने कटकट न करता रेक्झिनचे पुठ्ठे ब्लेडने सोडवले, आतली जुनी पानं काढून नवी बसवली. खळ वाळायला रात्र लागते, पुस्तक उघडाल तर पाठ सुटेल, असं त्याने बजावलं. चार वाजता मी दुकानाला कुलूप घातलं आणि सविताबरोबर रिक्षात बसलो. विद्यापीठ गावाबाहेर, गिरणेच्या पुलापलीकडे. चारही प्रती माझ्या मांडीवर, वरून दोन्ही हातांचा दाब. पँटला खळ लागली.

चार पस्तीसला खिडकीशी पोचलो. आतल्या नूतन मॅडमनी सांगितलं की प्रतिज्ञापत्रावर सह्या राहिल्यात, त्या आधी करा. सविताने पाठ सांभाळत पहिली प्रत उघडली आणि पेन हातातच राहिला. मी वाकून पाहिलं.

'मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देते की हे संशोधन माझे स्वतःचे शे.'

सुरुवातीची पानं. ना प्रकरणांत, ना परिशिष्टात. मी निवडताना पहिल्या प्रकरणापासून निवडलं होतं, वाचायलाही तिथूनच बसलो होतो. माझ्या खिशात व्हाइटनर असतो, चाळीस वर्षांची सवय. मी तो काढला आणि म्हणालो की चार प्रती, चार शब्द, हाताने लिहून देतो, कळणारही नाही.

सविताने ती ओळ पुन्हा वाचली.

"राहू द्या, नाना," ती म्हणाली.

आणि खाली सही केली. पूर्ण नाव, सावकाश, चारही प्रतींवर.

नूतन मॅडम पानं तपासत त्या ओळीवर आल्या आणि थांबल्या. बोट ठेवून त्यांनी आधी सविताकडे पाहिलं. तिने पेनाचं टोपण लावलं. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. विद्यापीठात मला सगळे ओळखतात.

"नाना, ही टायपिंगची चूक आहे का?"

आजवर या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, दुरुस्त करतो. व्हाइटनर अजून हातातच होता. तो मी खिशात ठेवला.

"नही," मी म्हणालो. "बरोबर शे."

स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही. आबांचा वाटला. नूतन मॅडमनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि एकेका प्रतीवर उमटवत गेल्या. पोचपावतीवर वेळ घातली, चार वाजून पन्नास मिनिटं. सविताने पावतीची घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते मला विचारलं.