तिसऱ्या पेल्याआधीचा कायदा

कामकाजाचा वृत्तांत. विषय पहिला: खुर्च्या.

स्वातंत्र्य मिळून आठ महिने झाले होते आणि आमच्या देशाला राजधान्या दोन होत्या. त्रिपोलीवाल्यांना बेंगाझी चालेना, बेंगाझीवाल्यांना त्रिपोली. म्हणून संसद काही महिने इकडे, काही महिने तिकडे. मधे समुद्राकाठचा लांबच लांब रस्ता. त्या दिवशी आम्ही बेंगाझीला निघालो होतो. खासदार बसमध्ये, खुर्च्या एका ट्रकमध्ये, कागदपत्रं दुसऱ्यात, आणि मी, सभागृहाचा कारकून मिफ्ताह, घंटा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी.

वाळवंटाच्या मधोमध इटालियनांनी बांधून ठेवलेली ती भलीमोठी कमान आली. इथे त्रिपोली प्रांत संपतो आणि बेंगाझीचा बर्का प्रांत सुरू होतो. कमानीच्या अलीकडे नाका, आणि नाक्यावर हवालदार जुमा.

"परवाना?"

"कसला परवाना?" अध्यक्ष नूरी बे (बे म्हणजे आमच्याकडे 'साहेब') बसमधून उतरले. उतरताना त्यांची लाल टोपी दाराला अडकून आतच राहिली.

"सामान प्रांताबाहेर न्यायचा. ट्रकमध्ये त्रिपोलीच्या खुर्च्या आहेत."

"अरे, मी या देशाच्या संसदेचा अध्यक्ष आहे!"

"देशाचे असाल, साहेब. हा नाका प्रांताचा आहे."

"तुझा हा नियम मी आत्ताच्या आत्ता कायदा करून मोडीत काढीन!"

"काढा की," जुमा म्हणाला. "बसणार कशावर?"

यावर अध्यक्ष टोपी शोधायला बसमध्ये परत गेले. (अशी नोंद मी केली, नंतर अध्यक्षांनी ती खोडली, मग मी पुन्हा केली.)

विषय पहिला, पुढे.

बेंगाझीचे अक्रीम पेशाने वकील. ते जुमाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भाऊ, खुर्चीवर माणूस बसलेला असेल, तर ती सामान का?"

जुमाने नियमांची वही काढली. बोटाला थुंकी लावून बरीच पानं उलटली. "माणूस बसलेला असेल आणि ती पुढे सरकत असेल, तर ते वाहन."

"वाहनाला परवाना?"

"नाही. नंबर लागतो."

मग खुर्च्या वाळूत उतरवल्या. मी खडूने प्रत्येकीच्या पाठीवर नंबर लिहिला. सत्तावीस खासदार आपापल्या नंबरावर बसले, दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली आणि उड्या मारत निघाले. ऑगस्टचं ऊन. सर्वांत पुढे अध्यक्ष, एक नंबर. मागून त्रिपोलीचे शम्सुद्दीन बे, सात नंबर, वजन एकशे दहा किलो, दर उडीला "या अल्लाह!"

"सात नंबर, डावीकडून घ्या!" जुमा ओरडत होता. "तेरा नंबर, ओव्हरटेक नाही!"

बस आणि दोन्ही ट्रक केव्हाच पलीकडे जाऊन उभे होते. संसद मात्र कमानीच्या सावलीपर्यंत आली आणि थांबली. पुढे कुणालाच हलवेना.

विषय चौथा. (दोन आणि तीन कागदांच्या ट्रकमध्ये होते.)

सावलीत आधीच एक माणूस बसला होता. समोर शेगडी, तिच्यावर किटली, शेजारी खजुराच्या पोत्यावर पेल्यांची पेटी. रस्त्याकडेला खजुराचा ट्रक, टायर बदलणं चालू.

हाजी तुहामी. फेज्जान या तिसऱ्या प्रांताचे खासदार, दक्षिणेतल्या ऐन तलहा या पाणवठ्याचे. आम्ही त्यांना संसदेच्या उद्घाटनाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

"सापडलात!" हाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे धूरही होता. "मी त्रिपोलीला पोचलो, तुम्ही बेंगाझीला. बेंगाझीला पोचलो, तर म्हणे त्रिपोलीला. परत त्रिपोली, तर तुम्ही सुट्टीवर. अहो, मी घरून निघालो तेव्हा माझी बायको झोहरा नवी नवरी होती. आता तिला सातवा महिना लागलाय!"

"मुबारक, मुबारक!" सगळे खुर्च्यांवरून म्हणाले.

"मुबारक कसलं? आमच्याकडे सुईण नाही. म्हातारी मब्रुका होती, तिचे डोळे गेले. गेल्या वर्षी तीन बाया बाळंतपणात गेल्या." त्यांनी अंगरख्यातून एक कागद काढला. सात महिन्यांच्या घामाने तो चामड्यासारखा झाला होता. "एका ओळीचा कायदा आहे. ऐन तलहाला सरकारी सुईण द्यावी. एवढंच."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजलं. अठ्ठावीस हजर असल्याशिवाय आमची सभा भरत नाही. त्रिपोलीत महिनाभर आम्ही सत्तावीसच होतो, त्यामुळे महिनाभरात जेवणाखेरीज काही काम झालं नव्हतं.

"हाजी धरून अठ्ठावीस," मी म्हणालो.

"घंटा वाजव," अध्यक्ष म्हणाले.

हरकत.

अक्रीम म्हणाले, सभा बर्का प्रांतात भरली अशी नोंद हवी. त्रिपोलीवाले म्हणाले, मुळीच नाही. शेवटी जुमाने काठीने वाळूत हद्दीची रेघ ओढली आणि अध्यक्षांची खुर्ची तिच्यावर ठेवली, दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे. अध्यक्ष जरा बर्काकडे कलत होते. त्रिपोलीवाल्यांनी त्या बाजूला एक चपटा दगड घालून घेतला.

दुसरी हरकत.

शम्सुद्दीन बेंना एखादा कायदा नको असला की ते सभागृहातून उठून जात. माणसं पुरत नसत आणि कायदा मरत असे. असे नऊ कायदे त्यांनी मारले होते. दोन तर त्यांचे स्वतःचेच होते.

"ऐन तलहाला सुईण दिली," ते म्हणाले, "तर उद्या माझे लोक तीन मागतील."

"मग द्या की तीन. कोण अडवतंय?" हाजी म्हणाले. "हा घ्या, पहिला पेला."

बेंनी पेला घेतला. सवयीने. सगळ्यांनीच घेतला. काळाकुट्ट, कडू चहा, वर बोटभर फेस.

दुसरा पेला आला, जरा गोड. तो पिऊन झाल्यावर बे उठायला लागले. अर्धवट उठले. मग त्यांचा चेहरा बदलला.

तिसरा पेला बाकी होता.

आमच्यात तिसरा पेला न घेता उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. बाप लेकाचं नाव टाकतो एवढ्यावरून. बे हळूच परत बसले.

"हाजी, तिसरा कधी?"

"त्यात शेंगदाणे लागतात, बे. भाजतोय."

हाजी शेंगदाणे भाजत होते. एका वेळी एक. चिमट्यात धरून, निखाऱ्यावर, आधी एक बाजू, मग दुसरी. मग फुंकर. मग डोळ्यांजवळ नेऊन बघणं. मग "हा जरा कच्चाच आहे."

बेंनी भाषण सुरू केलं. वाळवंटातला माणूस किती काटक असतो यावर बोलले. आपल्या आजीवर बोलले, जिला सुईणीवाचून चौदा मुलं झाली. अर्धा तास गेला. हाजींचे सतरा शेंगदाणे झाले. बेंनी एका पायावर दुसरा पाय टाकला. मग पहिला पाय दुसऱ्यावर.

"बे, बसा ना नीट," अक्रीम म्हणाले. "दोन पेले चहा झालाय. वर बकरीचं ताकही प्यायलात सकाळी, नाही का? गार गार?"

"ताकाचं नाव काढू नकोस!"

"तिकडे समुद्र बघा किती छान. लाटा येतायत, जातायत. कसं खळखळ पाणी..."

"अध्यक्ष महाराज!" बे किंचाळले. "मी भाषण आवरतं घेतो. माझा पाठिंबा आहे. सुईण द्या, दोन द्या, दवाखाना द्या! मतं घ्या लवकर!"

मतदान.

अनुकूल असणाऱ्यांनी रिकामा पेला वर करावा. अठ्ठावीस पेले वर. सर्वांत उंच सात नंबरचा. अध्यक्षांनी कागद गुडघ्यावर ठेवून सही केली, मी शिक्का मारला, आणि हाजींनी क्षणात अठ्ठावीस पेले भरले. शेंगदाणे एकोणीसच झाले होते. बेंनी आपला चहा बिनशेंगदाण्याचा, उकळता, एका घोटात प्यायला. मग खुर्चीसकट हद्द ओलांडून, वाटेत सर्वांना ओव्हरटेक करून, ते बर्का प्रांतातल्या पहिल्या टेकाडामागे गेले.

जुमाने नंबर लिहून घेतला.

हाजी बेंगाझीला आले नाहीत. टायर बदलून झाला होता. कागद अंगरख्यात घालून ते त्याच ट्रकने मिस्राताच्या इस्पितळाकडे गेले. पुढे कळलं, तिथून ते सलमा नावाची सुईण, तिच्या दोन पेट्या आणि तिची शेळी घेऊन दक्षिणेला निघाले.

पुरवणी.

संसदेच्या नावाने ऐन तलहाहून निघालेलं पार्सल त्रिपोलीला गेलं, तिथून बेंगाझीला, आणि पुन्हा त्रिपोलीकडे जाताना त्याच कमानीखाली आम्हाला मिळालं. जुमाने ते परवान्यासाठी अडवून ठेवलं होतं. आत चिठ्ठी होती. मुलगी झाली. झोहरा बरी आहे. सलमाबाईंना आमचं गाव आवडलंय, त्यांच्या शेळीला नाही.

आणि चिठ्ठीखाली एक कापडी पुरचुंडी, वर लिहिलेलं: नऊ शेंगदाणे, भाजलेले. पहिला शम्सुद्दीन बेंना.