काथ्याला हाक

तिने गुडघा टेकून काथ्याच्या छातीवरचा पट्टा आवळला, खाली दोन बोटं जातात ना ते पाहिलं आणि दोर हातात घेतला. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला तर मुळीच बांधायचा नाही. कुत्रा घसरला तर आपणही त्याच्यामागे जातो. नवऱ्याने हे सकाळपासून चार वेळा बजावलं होतं. पाचव्यांदा सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "कळलं हो. आणि शिट्टीही घेतलीय गळ्यात. आता जाऊ का?"

"चला वहिनी," नणंद वाटेवर पुढे उभी होती. "ऊन चढायच्या आत वर पोचू."

काथ्या एअरडेल टेरियर होता. टेरियरांमधली सगळ्यात उंच जात, वजन तीस किलो, अंगावर राठ पिंगट केस, म्हणून काथ्या. घरात अगदी सालस. पण उघड्यावर काही तुरुतुरु पळताना दिसलं की त्याचे कान बंद आणि पाय सुरू. पाच वर्षं त्याला डोंगरावर नेलं ते नवऱ्याने. जमीन मोजणीच्या खात्यातला माणूस, चालण्याचं वेड. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढउतार कायमचा बंद केला.

घरी बसून काथ्याने दोन महिन्यांत सोफ्याचा एक हात कुरतडून संपवला. नणंदेच्या घराला मोठं कुंपण होतं. ती म्हणाली, मी नेते त्याला. नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "ने." त्यानंतर तो दिवसभर खुर्चीतून उठला नाही. तेव्हा जी जन्मात टेकडी चढली नव्हती ती शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मी फिरवीन त्याला." नणंद हसली नाही, हे तिचं मोठेपण. जमलं तर काथ्या राहील, नाही जमलं तर डोंगर उतरल्यावर तसाच नणंदेच्या गाडीत बसेल, असं ठरलं.

तिला भीती वाटत होती. काथ्याची कमी, त्याच्याशिवाय खुर्चीत बसून राहणाऱ्या नवऱ्याची जास्त.

चढ मात्र बरा गेला. काथ्या ओढत होता, पण ती थांबली की थांबत होता. पाण्यासाठी दोनदा बसले. माथ्यावर सपाटी होती, तिच्या एका अंगाला करवंदासारखी काटेरी झुडपं आणि त्यांच्यापलीकडे सरळ कडा. नणंदेने लांबूनच ती बाजू दाखवली. "तिकडे नको हं वहिनी."

"मला काय हौस आलीय?" ती म्हणाली आणि दगडावर टेकली.

तेवढ्यात तिला काथ्याच्या बगलेत, पट्ट्याखाली रुतलेलं गोखरू दिसलं. पस्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला कापडात राहिलेली टाचणी दिसली की तिचा हात थांबत नाही. तिने पट्ट्याची कडी सोडली, गोखरू चिमटीत धरलं आणि हलकेच उपटलं. अगदी एक क्षण. त्याच क्षणी झुडपाच्या बुडातून ससा निघाला.

तिच्या हातात पट्टा आणि गोखरू एवढंच राहिलं.

"काथ्या!" नणंद ओरडली. "काथ्या, थांब!"

तिने शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली, गाल दुखेपर्यंत. काथ्याचं लक्षच नाही. ससा झुडपांकडे वळला, काथ्याही वळला. पलीकडे काय आहे ते सशाला ठाऊक होतं, काथ्याला नव्हतं. तिने 'ये' म्हणून पाहिलं, 'बिस्कीट' म्हणून पाहिलं, आणि मग सगळं सुचायचं थांबलं. जन्मभर संकट आलं की जे तोंडातून निघालं तेच निघालं.

"अहोऽऽ!"

नणंद दचकून मागे वळली. दादा इथे कसा आला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

झुडपांच्या तोंडाशी काथ्या थबकला. मान वळवली. मग जीभ बाहेर काढून, जेवायची वेळ झाल्यासारखा, दुडक्या चालीने परत आला आणि तिच्यासमोर बसला.

तिने आधी पट्टा चढवला, कडी लावली, दोनदा ओढून पाहिली. मग ती खाली बसली. काथ्याच्या राठ मानेत तोंड खुपसून ती रडली आणि रडता रडता हसायला लागली. नणंद शेजारी बसली.

"वहिनी, हे तुम्ही याला शिकवलंत?"

"वन्सं, मला माहीत असतं तर शिट्टी कशाला फुंकली असती?"

उतरताना तिने काथ्याला पुढे जाऊ दिलं नाही. तोही गेला नाही.

नवरा दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्याने दोघींकडे पाहिलंच नाही. काथ्याचे चारही पंजे उचलून तपासले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, कानामागे गोचीड शोधली. मग म्हणाला, "सुटला होता ना?"

तिने काही लपवलं नाही. पट्टा कसा सोडला, ससा, कडा, सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं तिच्याने सांगवेना. ते नणंदेने सांगितलं.

"दादा, शिट्टीला बघितलं नाही त्याने. वहिनींनी तुला हाक मारली आणि हा आला. गुमान."

नवऱ्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

"शिट्टी मी बरोबर कोणी असलं की वाजवायचो," तो म्हणाला.

"आणि नसलं की?" तिने विचारलं.

तो चष्मा पुसतच राहिला.

"तुम्ही याला 'अहो' म्हणता?"

"पिल्लू होता तेव्हा कशालाच येईना. तू आतून हाक मारलीस की माझ्या आधी हा उठायचा. मग मीही तशीच मारायला लागलो. तुझ्यासारखी, शेवटी जरा ओढून."

नणंद पदराआड हसत होती. ती मात्र हसली नाही.

"मग मला निघताना का नाही सांगितलंत? चार वेळा दोराचं सांगितलंत."

"सोडणार नव्हतीस ना तू. आणि..." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाच वर्षं डोंगरावर उभा राहून बायकोच्या आवाजात ओरडतोय, हे काय सांगायचं?"

नणंद उठली. पर्स खांद्याला लावत म्हणाली, "मी निघते. एकटीच." काथ्याच्या डोक्यावर टपली मारून ती पायऱ्या उतरून गेली.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर तिने विचारलं, "लाज नाही वाटायची, भर डोंगरात?"

"वाटायची," तो काथ्याच्या दाढीतलं गवत काढत म्हणाला. "पण एकदा तशी हाक मारली ना, की मलाही वर करमायचं नाही. मग उतरायलाच लागायचो आम्ही."