सतरा एक

“पुढचा भाजक घे,” वडील म्हणाले.

रात्रपाळी संपवून आलेल्या मुलीने अजून नर्सचा गणवेशही उतरवला नव्हता. तिने वही पुढे ओढली. वडिलांची नजर गेल्यापासून भागाकार तीच करायची. ते समोर बसून बाकी किती उरली ते ऐकायचे. भाजक म्हणून फक्त मूळ संख्या घ्यायच्या, रोज तीन.

त्यांची सारी नोकरी पंपघरात गेली. पंप चालू असला की कान तिकडे ठेवून बसायचं, एवढंच काम. एकदा मीटरवर नुसते एकच एक आले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला: अशा संख्येला भाग जातो का? तीन एकांना, म्हणजे एकशे अकराला, तीनने गेला. सात एकांना दोनशे एकोणचाळीसने. अकरा एकांनी दोन वर्षं दमवलं, पण शेवटी गेला. सतरा एकांपाशी मात्र गाडं अडलं, ते अकरा वर्षं अडलेलंच होतं.

आज तिचा हातचा दोनदा चुकला. तिने पेन खाली ठेवलं.

“बाबा, भाग जातो त्याला. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने. फोनवर काढलं मी.”



“आपण कुठवर आलोय?”

“सव्वा लाखाच्या जरा पुढे.”

“रोजचे तीन भागाकार धरले तर...” त्यांची बोटं टेबलावर हलली. “अजून सव्वाशे वर्षं. मग काय, बसलो असतो करत.” ते हसले, पण हसू गालातच राहिलं. “दुसरा आकडा सांग.”

“पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न.”

“गुणून बघ. फोन म्हणतो म्हणून नको.”

डोळ्यांवर झापड येत होती, तरी तिने ओळीखाली ओळ मांडली. मग उजवीकडून बेरीज करत एकेक आकडा मोठ्याने म्हणू लागली. एक. एक. एक. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते.

“सतरा,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून माहीत होतं तुला?”

“दोन महिने झाले.”

“आणि तरी रोज सकाळी बसायचीस?”

तिने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “हो.”

त्यांनी चाचपडत वही मिटली आणि तिच्या हाताखालून अलगद काढून घेतली.

“जा, झोप आता,” ते म्हणाले. “दार ओढून घे. उजेड येतो तुझ्या डोळ्यांवर.”