सगळं याच घरावरून

ओल्या चादरी गच्चीवर वाळत घालायच्या नाहीत, असं नवऱ्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला हसू आलं होतं. "पाण्यातून लहरी जात नाहीत गं," तो म्हणाला, "वरच्या अख्ख्या आळीचं इंटरनेट अडतं." मग मायक्रोवेव्ह बंद झाला, कारण त्याच्याही लहरी आड यायच्या. मग मधल्या खोलीची खिडकी बंद झाली, कारण तिथे यंत्र आलं आणि यंत्राला धूळ चालत नव्हती. आणि घर सोडून कुठे रात्रभर राहणं कधी बंद झालं, ते तर तिच्या लक्षातही आलं नाही.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता, आता निवृत्त. चढावरच्या त्या वस्तीत केबल फक्त खालच्या बाजारापर्यंत यायची. पुढे वर न्यायला कंपनी तयार नव्हती. तेव्हा यानेच पुढाकार घेतला आणि घरोघरच्या छतांवर साबणाच्या डबीएवढ्या डब्या बसवल्या. एक डबी शेजारच्या डबीशी बोलायची, ती तिच्या पुढचीशी, आणि असं करत इंटरनेट टेकडीच्या माथ्यापर्यंत पोचायचं. सुरुवातीला नाकी नऊ आले. शाळेचा एकच धडा प्रत्येक घर वेगळा मागवायचं, तोच धडा पुन्हापुन्हा चढ चढायचा आणि सगळ्यांचंच गाडं रुतायचं. मग त्याने युक्ती काढली. धडा एकदाच वर आणायचा, मधल्या खोलीतल्या यंत्रात साठवायचा आणि तिथून सगळ्यांना एकदमच वाटायचा. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. वस्तीत त्याचं नाव पडलं टॉवरकाका.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर ते, आणि घरी पाऊल टाकलं की हे. दार वाजायचं, "टॉवरकाका आहेत का?" तो गच्चीवर चढायचा आणि ती खाली यंत्राच्या पडद्यासमोर बसून कुठला दिवा लाल झाला ते ओरडून सांगायची. गच्ची एकाने आणि पडदा दुसऱ्याने सांभाळायचा, म्हणजे दोघंही अडकलेले.

परगावी मुलीला मुलगी झाली. नात रांगायला लागली तरी आजीने तिला मांडीवर घेतलं नव्हतं, फोनवरच काय ते पाहिलं होतं. दोनदा तिकिटं काढली, दोनदा रद्द केली. "सगळं याच घरावरून जातं," तो म्हणायचा, "आपण गेलो आणि बंद पडलं तर? पोरांच्या परीक्षा आहेत." पोरांच्या परीक्षेच्या आड यायचं पाप कोण घेणार? ती भरलेली बॅग पुन्हा रिकामी करायची.

मग एकदा नणंद आली. ती बंदरात नेटवर्क सांभाळायची आणि कामानिमित्त जवळपास आली होती, म्हणून दोन दिवस राहिली. नाश्ता झाल्यावर तिने सहज भावाचा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, कुठल्या डबीने कुठल्या डबीशी बोलायचं, हे रस्ते तू हाताने बांधलेस?"

"डब्यांचा भरवसा नाही. वाऱ्यानेसुद्धा हलतात."

"अरे, त्यांना आपापला रस्ता शोधता येतो. एक बंद पडली की दुसरीकडून वळसा घालतात. तू त्यालाच कुलूप घातलंयस."

"आणि धडे? ते साठवणार कोण?"

"तुकडे करून दहा घरांत ठेवायचे. ज्याच्याकडे जो तुकडा, तो त्याने शेजाऱ्याला द्यायचा. सोय आहे की यात. तूच बंद केलीयेस."

बायको ओट्यापाशी कप पुसत होती, ती तशीच वळली. "म्हणजे आम्ही इथे नसलो तरी चालेल?"

"चालेल म्हणजे काय वहिनी, आणखी सुरळीत चालेल."

"कधीपासून?"

"डब्या बसवल्या तेव्हापासून."

त्याने लॅपटॉप मिटला. "बंदरातलं शहाणपण बंदरात ठेव," असं बहिणीला म्हणून तो गच्चीवर निघून गेला. तिथे काहीही बिघडलेलं नव्हतं.

नणंद दुपारी गेली, तशी ती वर चढली. तो कठड्याला टेकून उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तिकिटं रद्द केली तेव्हाही?"

"अगं, लिफ्ट अडकली की लोक माझ्या नावाने टाहो फोडायचे. निवृत्त झालो आणि एकदम सगळं चिडीचूप. तू दुकानात जायचीस. मी फोन उचलून बघायचो, चालू आहे ना म्हणून."

तिला त्याची कीव आली. पण कीव केली की पुन्हा त्याच खोलीत जाऊन बसावं लागणार, हेही तिला दिसत होतं.

"मोकळे सोडा ते रस्ते. उद्या दोघं निघू."

"परीक्षा होऊ देत."

"मग निकाल लागतील, मग नवं वर्ष सुरू होईल. मी जाते."

"एकटी?"

"एकटीच. तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत, त्या दावणीला मला कशाला?"

सकाळी तो बॅग घेऊन तिला बसपर्यंत सोडायला निघाला. वाटेत कुणीतरी हटकलं, "काका, आज जरा स्लो आहे हो." त्याचा चेहरा असा उजळला, की तिने बॅग त्याच्या हातातून काढून घेतली. "जा तुम्ही," ती म्हणाली. तो गेलाही.

नातीने आजीला पाहिलं आणि भोकाड पसरलं. फोनमधली आजी एवढी मोठी असेल असं तिला वाटलं नसावं. दुसऱ्या दिवशी मात्र ती आजीचा चष्मा ओढायला लागली. दार वाजलं की आजी अजून दचकून उठायची, मुलगी हसायची, "आई, दूधवाला आहे."

काही दिवसांनी त्याचा फोन आला.

"मोकळे सोडले रस्ते. धडेही वाटून टाकले. यंत्र बंद केलं."

"मग? बंद पडलं?"

"नाही. वरच्या आळीत उलट जोरात चाललंय."

"कुणी आलं विचारायला?"

"नाही."

"मग या ना. उद्याच निघा."

"येतो ना. दोन दिवस जरा लक्ष ठेवतो. न जाणो."

"लक्ष कशावर ठेवणार? यंत्र तर बंद केलंत."

"बघतो उद्याचं."

दुसऱ्या दिवशी ती नातीला कडेवर घेऊन बसस्टँडवर गेली. बस आली, एकेक माणूस उतरलं, ड्रायव्हरही उतरून हातपाय ताणत उभा राहिला. ती रिकाम्या बसच्या दाराकडे बघत होती. नातीला भूक लागली, किरकिर सुरू झाली, तेव्हा ती घराकडे वळली.