न पाहिलेला झरा

जरा डोळे मिटा. नाही, मिटू नका, मग वाचणार कसं? मनातल्या मनात मिटा, आणि एक बेट समोर आणा. आंब्याच्या कोयीसारखं, मधोमध फुगलेलं, दोन्हीकडे उतरत गेलेलं. पूर्वेच्या उतारावर ढग येऊन टेकतात. तिथे कपाटात ठेवलेल्या चपलांवर दोन दिवसांत पांढरी लव येते आणि वहीची पानं एकमेकांना सोडत नाहीत. मधल्या डोंगरावर भर दुपारी स्वेटर लागतो. आणि डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरलात की सगळंच पालटतं. ढगांनी आपलं ओझं पलीकडेच उतरवून टाकलेलं असतं. इकडे तांबडी माती, हात लावला की ओरखडणारी झुडपं, आणि समुद्राकाठी मिठागरांचे पांढरे चौकोन. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बस चार तासांत नेते. म्हणजे सकाळी छत्री घेऊन निघालेला माणूस दुपारी तीच छत्री उन्हासाठी उघडतो.

त्या बसमध्ये खिडकीशी एक अकरा वर्षांची मुलगी बसली आहे. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. शेजारी तिची मावशी. बेट पायी फिरणाऱ्यांसाठी मावशी एक पुस्तक तयार करत होती: कुठली वाट कुठे जाते, सावली कुठे, पाणी कुठे, रात्री पाठ टेकायला कोण जागा देतं. सुट्टी लागली तशी भिंगरीने मावशीच्या मागे लकडा लावला, आणि शेवटी आईने "ने बाई तिला, इथे माझं डोकं तरी शांत राहील," म्हणून परवानगी दिली.

मावशीच्या कामाचा एक नियम होता. जे लोकांकडून ऐकलं ते शिसपेन्सिलीने लिहायचं. जे स्वतः जाऊन पाहिलं ते शाईने. पेन्सिलीचं छापायला जात नसे.

"लोक खोटं सांगतात म्हणून?" भिंगरीने विचारलं होतं.

"खोटं कशाला सांगतील? लोक दयाळू असतात, त्याचीच भीती. दमलेल्या माणसाला 'अजून दोन तास आहेत' असं सांगवत नाही कुणाला. मग 'हे काय, जवळच आहे' म्हणतात. खोलीत बसून असल्या ऐकीव गोष्टींवर पुस्तकं लिहिणारे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे."

पहिले तीन आठवडे भिंगरीच्या हातात फक्त पेन्सिल होती. पूर्वेच्या जंगलात तिने सात ओढे स्वतः ओलांडले, एकात तर कमरेपर्यंत बुडाली, तरी वहीत पेन्सिलच. डोंगरावरच्या शाळेमागची विहीर तिने तीनदा जाऊन पाहिली, कारण पायऱ्या मोजताना दरवेळी चुकत होती. त्या दिवशी मावशीने आपलं शाईचं पेन काढून तिच्यापुढे धरलं. एवढंच म्हणाली, "घे. सांडू नकोस."

भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं. खरं तर गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, असं पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं.

डोंगर उतरताना मावशीचा पाय मुरगळला. पश्चिमेला पोचेपर्यंत घोटा टम्म सुजला होता. मिठागराच्या मुकादमाने आपली बाहेरची खोली दिली. मावशी खाटेवर पाय वर करून पानं नीट लावत बसली. मिठागरापासून बेटाच्या टोकापर्यंत अकरा किलोमीटरची वाट होती. मावशीने ती मागच्या वर्षी चालून पाहिली होती. फक्त मध्यावर, वाटेपासून थोडा खाली, एक झरा असल्याचं कळलं होतं, तो तेवढा पाहायचा राहिला होता. मिठाचा ट्रॅक्टर रोज त्या बाजूने जाई. मुकादमाची बायको त्यावरून पलीकडच्या मिठागरात कामाला जात असे. तिने भिंगरीला झऱ्याकडे उतरणाऱ्या फाट्यावर सोडायचं आणि दोन तासांनी परत घ्यायचं ठरलं.

फाट्यावर एका खुरट्या झाडाखाली एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. उतार दगडांचा, सावली नावाला नाही. भिंगरीने विचारलं, "आजी, खाली झरा आहे ना?"

"आहे की. बारा महिने आहे. जा, दहा मिनिटांवर आहे."

भिंगरी चार पावलं उतरली. तळपायाला चपलेतून चटका बसत होता. एवढ्यात एका करडाने येऊन तिच्या फ्रॉकची कड चघळायला सुरुवात केली. मग ती करडाला घेऊन सावलीत आली, जरा बसू म्हणून. म्हातारीशी गप्पा झाल्या. करडाचं नाव काय ठेवावं यावर वाद झाला. जरा वेळाने म्हातारीने घरून आणलेला पाण्याचा कॅन उचलला आणि एका पसरट भांड्यात ओतून करडांना पाजलं. भिंगरीच्या ओठावर प्रश्न आला: झरा दहा मिनिटांवर असताना हे ओझं कशाला वाहून आणलं? पण विचारलं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर उठावं लागलं असतं. तिने प्रश्न गिळला. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

खोलीत शिरताच मावशीने मान वर करून विचारलं, "पाहिलास?"

"हो," भिंगरी म्हणाली. एकच अक्षर. तोंडातून सुटलं तेव्हा ते काही जड वाटलं नाही. मग तिने वही उघडली आणि शाईने लिहिलं: फाट्यापासून खाली दहा मिनिटं. झरा, बारमाही. आणि नुसतं एवढं लिहिलं तर कुणाला संशय यायचा, म्हणून पुढे जोडलं: पाणी गार आणि गोड.

मावशीने ते वाचलं. "चव घेऊनही पाहिलीस. माझ्याही लक्षात आलं नसतं," म्हणून तिची पाठ थोपटली. जिथे हात पडला, तिथे भिंगरीला इंगळी डसल्यासारखं झालं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मुकादमाची बायको म्हणाली, ऊन लागलं असेल. भिंगरी हो म्हणाली. पहिल्या 'हो'च्या मागे दुसरं 'हो' किती सहज येतं, हे तिला नवीनच कळत होतं.

आठवड्याने दोघी आपल्या बंदराच्या गावी परतल्या. छापखान्याचे काका मावशीचे जुने स्नेही. मावशीने मिठागरावरूनच बसने पाठवून दिलेला पुस्तकाचा पश्चिमेचा भाग त्यांनी आधीच छापून ठेवला होता. सुटी पानं टेबलावर गठ्ठ्याने रचलेली होती. भिंगरी त्या गठ्ठ्याकडे पाहायचंच टाळत होती. काकांनी मात्र मुद्दाम एक पान काढून तिच्या नाकासमोर धरलं. "ही बघ तुझी ओळ. मी तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं छापतोय, माझी एक ओळ कुठे छापली नाही. आणि ही बेटी दात पडायच्या वयात लेखिका झाली."

सगळे हसले. भिंगरीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

तेवढ्यात एक शाळेच्या बाई आल्या, मागे सहा मुलं. उद्या सकाळीच त्या मुलांना घेऊन बेटाच्या टोकापर्यंत चालत जाणार होत्या. पानं तयार झाल्याचं ऐकून न्यायला आल्या होत्या. त्यांनी पान वाचलं आणि मावशीला विचारलं, लहान मुलं आहेत, पाण्याचं ओझं किती द्यावं? अकरा किलोमीटरचं सगळं पाणी पाठीवर घेतलं तर धाकटी दोघं चालणार नाहीत.

"निम्मंच घ्या," मावशी म्हणाली. "मध्यावर झरा आहे. भाचीने स्वतः पाहिलाय, शाईने लिहिलंय."

आता भिंगरीच्या मनात काय काय आलं ते सांगतो, कारण तुमच्याही मनात असंच येईल. आधी आलं, असेलच की पाणी, म्हातारी कशाला खोटं बोलेल? मग आलं, बाईंना हळूच एकटीला गाठून सांगू, पाणी जास्त न्या म्हणून. मावशीला कळायचं कारण नाही. मग आलं, आज गप्प बसू, उद्या काय ते होईल. आणि या सगळ्याच्या मागे तो कॅन दिसत राहिला, भांड्यात वाकडी धार पडताना.

बाईंनी पान घडी करून पिशवीत ठेवलं. मुलांपैकी सगळ्यात धाकटा पुढे येऊन भिंगरीला म्हणाला, "गार म्हणजे किती गार?"

भिंगरीने बाईंच्या पिशवीकडे पाहिलं.

"मी तो झरा पाहिलेला नाही."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. भिंगरी पुढे बोलत राहिली. सावलीत बसले होते. आजी म्हणाली ते लिहिलं. गार आणि गोड मनाचं घातलं. शेळ्यांना आजीने घरचं पाणी पाजलं, ते मी पाहिलं होतं, पण सांगितलं नाही.

मावशी रागावली असती तर फार बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने भिंगरीकडे पाहिलंही नाही. बाईंकडे वळून तिने हात जोडले. "बाई, चूक माझी. पाय मुरगळला होता तर मी ओळ कोरी सोडायला हवी होती. तुम्ही पाणी पुरतं न्या. ते पान परत द्या."

आपल्यासाठी मावशीला परक्या बाईपुढे हात जोडताना पाहणं, याहून वाईट काही असेल असं भिंगरीला वाटलं नाही. गाल, कान, मान, सगळं पेटल्यासारखं झालं. मुलं तिच्याकडे पाहत होती, चिडून नव्हे, नुसती पाहत होती. ते अधिक लागलं. काकांनी गठ्ठा उचलून टेबलाखाली ठेवला आणि मघाच्या थट्टेबद्दल त्यांनाच ओशाळल्यासारखं होऊन ते विनाकारण शाईचे डबे सारखे करू लागले.

"मग धाकट्यांचं पाणी कोण उचलणार?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. "बेत पुढे ढकलावा लागेल बहुतेक."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

भिंगरीने मावशीला विचारलं, "मी जाऊ त्यांच्याबरोबर?"

मावशी खिडकीकडे वळली. म्हणाली, "मला काय विचारतेस? पाणी त्यांचं आहे. बाईंना विचार."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहाटेच्या बसची वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सगळी फाट्यावर पोचली. भिंगरीच्या पाठीवर दोन्ही धाकट्यांच्या वाटचं पाणी होतं. पट्ट्यांनी खांदे सोलून निघाले होते. झाडाखाली म्हातारी होतीच. ओळखीचं हसून तिने हाक मारली, "आलीस का गं? बस, दमली असशील."

भिंगरीने पाठीवरचं ओझं उतरवून मुलांजवळ ठेवलं. बाईंना सांगितलं, की सगळी मुलं इथेच सावलीत थांबू देत. करडू येऊन फ्रॉकला लागलं, त्याला तिने हाताने बाजूला केलं. आणि तळपाय भाजत असताना, वाटेत कुठेही न थांबता, ती तो दगडांचा उतार शेवटपर्यंत उतरून गेली.