तांबडीचे कान

तांबडीचा डावा कान पुढे आला होता. उजवा अजून मास्तरीणबाईंकडेच वळलेला होता, साधारण पंचेचाळीस अंशांत. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या बाईने कॅमेरा खाली घेतला. तीन ढांगांनंतर घोडी उडीसाठी लावलेल्या आडव्या बल्लीपाशी पोहोचली, पुढचे पाय रोवून थांबली आणि मान झटकून बाजूला निघाली.

“नखरे बघा!” रिंगणाच्या मधोमध तिची लांब दोरी धरून उभ्या असलेल्या, घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरीणबाई ओरडल्या. “बल्ली गुडघ्याएवढी नि रुबाब केवढा! पण ताई, तुम्ही कॅमेरा आधीच कसा काय खाली केलात?”

“ती उडी मारणार नव्हती.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिने?”

“तिच्या कानाने,” ती म्हणाली आणि कुंपणाच्या खांबावर वही टेकवून तिने नोंद केली.

बाविसावी नोंद. दोन्ही कान पुढे आले की तिसऱ्या ढांगेला उडी, असं एकोणीस वेळा झालं होतं. मास्तरीणबाईंकडचा कान मागे राहिला की घोडी अडते, असं तीन वेळा. अपवाद अजून एकही नव्हता. पण बावीस हा आकडा तसा लहानच, म्हणून तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं ती एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रे काढत होती. माणसाला उभं करायचं, त्याचा खांदा हलकेच फिरवायचा, काचेमागे जायचं आणि म्हणायचं, “श्वास घ्या. रोखा. सोडा.” मास्तरीणबाई तिथेच भेटल्या, सहा महिन्यांपूर्वी. त्यांना पोस्टमनने पाडलं होतं. पोस्टमन हा घोडा. वाटेत दिसेल त्या दारापाशी थांबायची त्याला सवय होती. त्या दिवशीही तो थांबला, मास्तरीणबाई तेवढ्या पुढे गेल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्यांनी मान वळवून पडद्यावरचं चित्र बघितलं आणि म्हणाल्या, “इतका बरा फोटो माझा लग्नातसुद्धा आला नव्हता हो. एकदा माझ्या घोड्यांचे काढायला या.”

बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. तिने मात्र ते घरी नेलं, दहा दिवस बाळगलं आणि अकराव्या दिवशी कॅमेरा घेऊन आली.

“या वयात?” वहिनी म्हणाली.

“असू दे गं,” दादा म्हणाला. “हिला कधी कसली हौस करताना बघितलं आहेस का तू?”

पहिल्या रविवारी ती घोड्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. फोटोत पोस्टमनचं डोकं पिंपाएवढं आलं आणि पाय शेळीचे. दुसऱ्या रविवारी तांबडीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला. तिसऱ्या रविवारी मास्तरीणबाईंनी कॅमेरा डोळ्यांपासून हातभर लांब धरला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ही घोडी आहे की सोफा?”

ती मागे सरकली. लांब पल्ल्याची लेन्स लावली. एक गुडघा मातीत टेकून घोड्याच्या छातीच्या उंचीवर आली. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग केला. तरीही दाखवण्यासारखं काही येईना. सहाव्या रविवारी मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं, की दोन तासांत कॅमेऱ्याचा आवाज जेमतेम नऊ वेळा झाला आहे.

“बिघडलाय का हो?”

“नाही. नऊ घोडे, नऊ फोटो.”

“प्रत्येकाचा एकच?”

“एकातच यायला हवा ना. उगाच दुसऱ्यांदा...” आणि ती थांबली. उगाच दुसऱ्यांदा किरण द्यायचे नाहीत, हे ती हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला शिकवत आली होती. पहिल्याच खेपेला नीट काढा. पुन्हा मागायची वेळ येता कामा नये.

तिने ते सांगितल्यावर मास्तरीणबाई इतक्या हसल्या, की जुळत आलेलं हाड त्यांना हाताने धरावं लागलं. “अहो, घोड्याला काय होतंय! दाबा की! पन्नास वेळा दाबा, शंभर वेळा दाबा!”

त्या दिवशी तिने चारशे दहा फोटो काढले. चारशे दहाच्या चारशे दहा वाईट होते. पण आता ते एकमेकांशेजारी ठेवून बघता येत होते आणि घरी गेल्यावर ते तसे बघता बघताच तिला कान दिसले.

घरी म्हणजे मधल्या खोलीत. मधल्या खोलीला दोन दारं होती, एक हॉलमध्ये उघडणारं आणि एक गॅलरीत. गॅलरीत कपडे वाळत, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी ओली बादली घेऊन तिच्या पलंगाला वळसा घालून जाई. पाहुणे आले की खोली त्यांची आणि ती हॉलमधल्या दिवाणावर. तिला तसं कुणी सांगतही नसे. चादर-उशी घेऊन ती आपणहून उठायची. तक्रार असती तर घर सोडणं सोपं झालं असतं. वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. त्याने कॉलेज सोडलं, एका छापखान्यात चिकटला, तिला विज्ञान शाखेला घातलं आणि पुढे जन्मात एकदाही ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तरीही सोपं झालं असतं. गेल्या सहा वर्षांत तिने भाड्याच्या चार खोल्या बघितल्या. चारही आवडल्या. चारही वेळा ती “बघते, कळवते” म्हणाली आणि कळवलं नाही.

पाचवी खोली इथेच होती, चाऱ्याच्या कोठारावर. पूर्वेला खिडकी, छोटासा ओटा आणि एकच दार. मास्तरीणबाईंनी महिन्यापूर्वी दाखवली, तेव्हाही ती “बघते” म्हणाली होती. आज सकाळी ती आल्या आल्या त्यांनी तिला गाठलं.

“ताई, दुसऱ्या एक बाई खोली विचारताहेत. आज दुपारपर्यंत काय ते सांगा. आणि ‘बघते’ म्हणू नका. तुम्ही काय बघता ते मी सहा महिने बघतेय.”

फाटकापाशी स्कूटर थांबली. दादा होता. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून तो चिखल चुकवत, लांब लांब पावलं टाकत कुंपणापाशी आला.

“चिमे! अगं, फोन कुठाय तुझा?”

“पिशवीत. काय झालं?”

“काही नाही, घाबरू नको. तुझ्या वहिनीची बहीण येतेय. सगळेच येताहेत, दुपारच्या गाडीने. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. कपाटाची किल्ली दे, दोन कप्पे रिकामे केले की त्यांच्या बॅगा बसतील.” मग त्याने नाकाला रुमाल लावला. “केवढा वास हा! दर रविवारी तू इथे येतेस?”

तिचा हात आपोआप पिशवीत गेला. किल्ली बोटांना लागलीसुद्धा.

रिंगणात मास्तरीणबाईंनी टाळूला जीभ लावून टक् टक् आवाज काढला. तांबडी पुन्हा निघाली. ऊन अजून कोवळं होतं आणि एका बाजूने घोडीच्या अंगावर सरळ पडत होतं. तिने किल्ली सोडली, कॅमेरा उचलला आणि गुडघा टेकला.

“सापडली का? कारण तुझी वहिनी म्हणत होती, की दिवाणावरची गादीही जरा—”

“दादा, गप्प बस जरा.”

दादा गप्प बसला. त्रेपन्न वर्षांत बहिणीच्या तोंडून हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तिने पायांकडे बघितलं नाही. नवशिके पायांकडे बघतात. पाय उचललेले दिसतात तेव्हा क्षण निघून गेलेला असतो. डोळ्याने बघून बोटाने दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि तेवढ्यात घोडी बल्लीपलीकडे उतरू लागते. डावा कान पुढे आला. उजवा मागे. अजून मागे. मग उजवा वळला आणि डाव्याशेजारी येऊन ताठ उभा राहिला.

एक ढांग.

“रोखा,” ती पुटपुटली. हेल्मेटच्या आत दादाने श्वास रोखला.

दोन. तिसरी ढांग पुरी व्हायच्या आतच तिने बोट दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

कॅमेरा थांबला तेव्हा तांबडी रिंगणाच्या पलीकडच्या कडेला पोहोचली होती. तेरा फोटो आले होते. ती एकेक पुढे सरकवत गेली. पहिल्या चारांत घोडी जमिनीवर होती. पाचव्यात मागचे खूर मातीत रुतलेले. सहाव्यात सुटत होते. सातव्यावर तिचा अंगठा थांबला.

चारही पाय जमिनीच्या वर. पुढचे दोन छातीखाली नीट घडी केलेले, मागचे दोन मोकळे सुटलेले. आयाळीचा प्रत्येक केस वेगळा. खुरांमागून उडालेली माती हवेत जिथल्या तिथे थांबलेली, कण मोजायला घेतले असते तर मोजता आले असते. मागे खांब नाही, झाड नाही, नुसतं आभाळ. आणि दोन्ही कान पुढे.

“मास्तरीणबाई,” तिने हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

दोरी घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराच्या हातात देऊन त्या आल्या. चष्मा पुसला. कॅमेरा या वेळी त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला नाही, जवळ घेतला.

“चाळीस वर्षं मी यांच्या पाठीवर बसतेय,” त्या म्हणाल्या. “आपण वर असतो तेव्हा खाली काय चाललेलं असतं, ते आज बघितलं.” मग मागे वळून त्यांनी आरोळी ठोकली, “ओ काका, घोडी घेऊनच या इकडे! तिलाही दाखवू!”

मोतद्दार घोडीसकट आला. त्याने वाकून बघितलं, तांबडीकडे बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. “आयला,” तो म्हणाला. “ही एवढी देखणी आहे होय? आणि मी रोज हिला शिव्या घालतो!”

दादाने आता हेल्मेट काढलं होतं. छापखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. बरं चित्र आणि वाईट चित्र यांत त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावर इतका झुकला, की काचेवर त्याच्या श्वासाची वाफ जमली. ती त्याने बाहीने पुसली आणि पुन्हा झुकला.

“चिमे, हे तू काढलंस?”

“हो.”

“आत्ता? मी इथे उभा असताना?”

“तू बडबडत असताना.”

तो हसला. मग त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले आणि ते लपवायला तो भराभर बोलू लागला. “हे मोठं छापायचं. हे एवढं! मी स्वतः मशीनपाशी उभा राहून छापून घेतो, चांगल्या जाड कागदावर. काळा रंग कसा उतरतो बघ तू. आणि हॉलमध्ये लावू, दिवाणाच्या बरोब्बर वर. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे माझ्या बहिणीने काय केलंय ते.”

“हॉलमध्ये नको, दादा.”

“मग कुठे?”

मास्तरीणबाई घोडीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला.

तिने कॅमेरा गळ्यात सोडून दिला आणि कोठाराकडे बोट केलं.

“तिथे वर, ती खिडकी दिसतेय ना, त्या खोलीत. एक तारखेपासून मी तिथे राहणार आहे.”